दादाभाई नौरोजी

दादाभाई नौरोजी (४ सप्टेंबर १८२५ – ३० जून १९१७) हे भारतीय राजकारणी, अर्थचिंतक, गणिताचे प्राध्यापक व व्यापारी होते. ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात निवडून आलेले पहिले भारतीय आणि तीन वेळा राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. अर्थशास्त्राच्या इतिहासात त्यांचे स्थान वेगळ्या कारणाने आहे. भारतात दरवर्षी एकूण किती उत्पन्न होते, ते माणशी किती पडते, माणसाला जगण्यासाठी किती लागते आणि सरकार जे खर्च करते ते कोणाच्या पदरी पडते, या चार प्रश्नांची आकड्यांत उत्तरे देण्याचा पहिला गंभीर प्रयत्न त्यांनी केला. आज राष्ट्रीय लेख्यांत कुटुंबांचा उपभोग खर्च आणि शासकीय उपभोग खर्च अशी जी दोन मोठी शीर्षके असतात, त्यांच्यामागील प्रश्न दादाभाईंच्या लेखनात, वेगळ्या परिभाषेत का होईना, स्पष्टपणे मांडलेले आढळतात.

बालपण आणि शिक्षण

दादाभाईंचे घराणे नवसारीच्या पारशी पुरोहितांचे. ते चार वर्षांचे असताना वडील नौरोजी पालनजी दोर्डी वारले आणि आई माणेकबाई यांनी त्यांना वाढवले. माणेकबाई शिकलेल्या नव्हत्या, पण मुलाच्या शिक्षणात त्यांनी खंड पडू दिला नाही. मुंबईत नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत फी नव्हती. ती असती तर आपले शिक्षण झालेच नसते, असे दादाभाई पुढे सांगत. समाजाच्या पैशावर आपण शिकलो, तेव्हा ते ऋण समाजालाच फेडले पाहिजे, ही त्यांची धारणा येथूनच झाली. त्या काळच्या रूढीप्रमाणे त्यांचा विवाह अकराव्या वर्षी गुलबाईंशी झाला.

एल्फिन्स्टन संस्थेत त्यांनी गणितात विशेष प्रावीण्य मिळवले. सर अर्स्किन पेरी यांनी त्यांना कायद्याच्या अभ्यासासाठी इंग्लंडला पाठवण्याची व निम्मा खर्च सोसण्याची तयारी दाखवली होती. मुलगा तेथे धर्मांतर करील या भीतीने पारशी समाजातील मंडळींनी तो बेत पुढे जाऊ दिला नाही. पुढे ते याच संस्थेत साहाय्यक प्राध्यापक आणि नंतर गणित व पदार्थविज्ञान या विषयांचे पूर्ण प्राध्यापक झाले. त्या पदावर नेमले गेलेले ते पहिले भारतीय होत.

मुंबईच्या या वातावरणाचा उल्लेख येथे करणे अगत्याचे आहे. दादाभाई विद्यार्थी होते त्याच सुमारास, १८४१ मध्ये, भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये पत्रे लिहून इंग्रजी राज्यामुळे देशाची संपत्ती बाहेर जाते, हा आरोप निर्भीडपणे केला होता. पुढे १८७२ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यातील व्याख्यानांत हाच विषय हाताळला. संपत्तीच्या निःसारणाचा विचार एकट्या दादाभाईंनी मांडला असे म्हणणे म्हणूनच बरोबर नाही. त्यांनी त्याला मोजमापाची शिस्त दिली, आणि हे काम गणिताच्या शिक्षकाला साजेसेच होते.

अध्यापनाच्या वर्षांत त्यांनी विद्यार्थ्यांच्या साहित्य व विज्ञान सभेमार्फत मुलींच्या शाळा काढण्यात पुढाकार घेतला (१८४९). या शाळांत मराठी व गुजराती अशा दोन्ही भाषांचे वर्ग होते. १८५१ मध्ये त्यांनी ‘रास्त गोफ्तार’ हे गुजराती पत्र सुरू केले. धर्मसुधारणेसाठी स्थापन झालेल्या रहनुमाई मझ्दयस्नान सभेतही ते अग्रभागी होते. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनशीही त्यांचा संबंध होता.

इंग्लंडमधील वास्तव्य

१८५५ मध्ये कामा कुटुंबाच्या पेढीचे भागीदार म्हणून ते इंग्लंडला गेले. इंग्लंडमध्ये स्थापन झालेली ही पहिली भारतीय पेढी मानली जाते. अफू आणि मद्य यांच्या व्यापारातील नफा घेणे मनाला न पटल्यामुळे ते तेथून बाहेर पडले आणि १८५९ मध्ये त्यांनी स्वतःची कापसाची पेढी काढली. त्याच काळात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते गुजरातीचे प्राध्यापकही होते.

१८६६ मध्ये त्यांच्या पुढाकाराने ईस्ट इंडिया असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. भारतातून परतलेले इंग्रज अधिकारी आणि भारतीय असे दोघेही तिचे सभासद होते. येथेच २ मे १८६७ रोजी त्यांनी इंग्लंडच्या भारताविषयीच्या कर्तव्यांवरील निबंध वाचला. भारतात गोळा होणाऱ्या महसुलापैकी जवळजवळ चौथा हिस्सा देशाबाहेर जाऊन इंग्लंडच्या संपत्तीत मिळतो, असा त्याचा आशय होता. श्रोत्यांमध्ये भारतात नोकरी केलेले अनेक जण बसलेले असताना हे विधान करण्यास धैर्य लागले असले पाहिजे.

माणशी वीस रुपये

१८७० मध्ये भारताच्या गरजा व साधने या विषयावर त्यांनी निबंध वाचला. त्यानंतर १८७३ मध्ये संसदेच्या भारतीय अर्थव्यवहारविषयक निवड समितीपुढे त्यांची साक्ष झाली. या समितीसाठी तयार केलेल्या टिपणांतूनच ‘भारताचे दारिद्र्य’ हा त्यांचा प्रसिद्ध निबंध आकाराला आला. तो १८७६ मध्ये मुंबईत वाचला गेला आणि १८७८ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने निघाला.

त्यांची रीत पुढीलप्रमाणे होती. प्रत्येक प्रांताच्या सरकारी प्रशासन अहवालातून लागवडीखालील क्षेत्र घ्यायचे. त्या प्रांताची एक-दोन मुख्य पिके प्रातिनिधिक मानायची. एकरी उत्पन्न गुणिले क्षेत्र गुणिले बाजारभाव असा गुणाकार करून शेतीमालाची किंमत काढायची. त्यातून बियाण्यासाठी सहा टक्के वजा करायचे, कारण जे धान्य पुन्हा जमिनीत जाते ते कोणाच्या ताटात पडत नाही. मग मीठ, अफू, कोळसा, कारागिरांची उत्पादने आदींची किंमत मिळवायची आणि काही राहून गेले असल्यास त्यासाठी ठोक रक्कम धरायची. १८६७ ते १८७० या काळासाठी ब्रिटिश भारताच्या सुमारे १७ कोटी लोकसंख्येचे एकूण उत्पन्न त्यांनी अशा प्रकारे सुमारे ३४ कोटी पौंड काढले. म्हणजे माणशी दोन पौंड, अर्थात ४० शिलिंग. त्या वेळच्या दराने हे वीस रुपये होत. प्रत्येक टप्प्यावर शंका असेल तेथे त्यांनी अंदाज वरच्या बाजूला धरला. आपण दारिद्र्य फुगवून सांगतो हा आक्षेप येणार, हे त्यांना ठाऊक होते.

सरकारी आकडे त्यांनी जसेच्या तसे स्वीकारले नाहीत. हा भाग आज फारसा वाचला जात नाही, पण त्यांच्या लेखनातील सर्वांत शिकवणारा भाग कदाचित हाच आहे. मध्य प्रांताच्या अहवालात प्रांताचा सरासरी भाव काढताना सर्व जिल्ह्यांच्या भावांची नुसती बेरीज करून तिला जिल्ह्यांच्या संख्येने भागलेले होते. कोणत्या जिल्ह्यात किती पिकते याचा विचारच नव्हता. हा दोष एका कल्पित उदाहरणाने समजेल. एका जिल्ह्यात नऊ लाख मण तांदूळ पिकतो आणि भाव मणाला एक रुपया आहे; दुसऱ्या जिल्ह्यात एक लाख मण पिकतो आणि भाव तीन रुपये आहे. अहवालाच्या रीतीने सरासरी दोन रुपये येते. प्रत्यक्षात दहा लाख मणांची किंमत बारा लाख रुपये, म्हणून खरी सरासरी एक रुपया वीस पैसे. कारकुनाच्या एका भागाकाराने प्रांताची संपत्ती कागदावर दोन-तृतीयांशाने वाढते. एकरी उत्पन्नाच्या सरासरीतही हीच चूक होती. दादाभाईंनी ही गणिते पुन्हा करून दाखवली आणि सर्व प्रांतांकडून एकाच नमुन्यात परिपूर्ण तक्ते मागवावेत, अशी मागणी लावून धरली.

ताटात काय पडते

उत्पन्नाचा आकडा एकटा काही सांगत नाही. वीस रुपये पुरेसे की अपुरे हे ठरवण्यासाठी कुटुंबाच्या उपभोगाचे माप हवे. घरोघर जाऊन खर्चाची पाहणी करणारी यंत्रणा त्या काळी नव्हती; भारतात तशी देशव्यापी राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये सुरू झाली. दादाभाईंनी मग सरकारनेच आपल्या हिशेबासाठी ठरवलेली मापे वापरली.

पहिले माप वेठबिगारीसारख्या करारावर परदेशी मळ्यांवर नेल्या जाणाऱ्या मजुरांचे. कलकत्त्याहून निघणाऱ्या जहाजावर या मजुरांना विश्रांत अवस्थेत जिवंत व धडधाकट ठेवण्यासाठी रोज किती तांदूळ, डाळ, मांस, भाजी, तूप, मोहरीचे तेल आणि मीठ द्यावे, याचे प्रमाण एका सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने आखून दिले होते. दुसरे माप तुरुंगांचे. कैद्याच्या अन्नवस्त्रावर दरसाल किती खर्च येतो हे प्रत्येक प्रांताच्या तुरुंग अहवालात छापलेले असे. या आकड्यांशेजारी प्रांताचे माणशी उत्पन्न ठेवले की जो अर्थ निघतो तो कोणालाही कळण्यासारखा होता: बऱ्या हंगामातही देशातील निरपराध माणसाच्या वाट्याला कैद्याइतकेदेखील जेमतेमच येते. शिवाय या मापात घरभाडे, लग्नकार्य, सणवार, आजारपण किंवा दुष्काळासाठीची शिल्लक यांना जागाच नव्हती. आणि सरासरी ती सरासरीच. श्रीमंत माणूस आपला वाटा आधी उचलतो, तेव्हा गरिबाला सरासरीइतकेही मिळत नाही.

नंतर १८७६-७७ या वर्षासाठी पंजाब प्रांताचा अधिक तपशीलवार हिशेब त्यांनी केला. येथे प्रातिनिधिक पिके न घेता एकेक पीक स्वतंत्रपणे मोजले. पुरुष, स्त्री आणि मुले यांच्या गरजा वेगवेगळ्या धरून सामान्य शेतमजुराच्या कुटुंबाच्या निकडीच्या खर्चाची माणशी सरासरी काढली. उत्पादन माणशी २० रुपये आणि अगदी निकडीच्या गरजा ३४ रुपये, असे उत्तर आले. पंजाब हा त्या काळी सुस्थितीतील प्रांत समजला जाई, हे लक्षात घेतले पाहिजे.

आजच्या राष्ट्रीय लेख्यांशी या रीतीचे नाते लक्षणीय आहे. भारतात खाजगी अंतिम उपभोग खर्च मोजताना वस्तूंसाठी प्रामुख्याने वस्तुप्रवाहाची पद्धत वापरतात. देशात किती माल तयार झाला येथून सुरुवात करून त्यात आयात मिळवतात. मग निर्यात, बियाणे, कारखान्यांतील कच्चा माल, भांडवली वापर, सरकारी वापर आणि साठ्यातील वाढ वजा करतात. जे उरते ते कुटुंबांनी उपभोगले असे मानतात. शेतकऱ्याने स्वतःच्या घरी ठेवलेले धान्यही यात किंमत लावून मोजले जाते, आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचे भाडेही आरोपित करून धरले जाते. दादाभाईंनी वजा केलेले सहा टक्के बियाणे हे याच वजाबाकीचे एक जुने रूप होय. घरोघरच्या पाहणीतून येणारी उपभोगाची बेरीज आणि वस्तुप्रवाहातून येणारी बेरीज आजही जुळत नाही. पाहणीचा आकडा कमी येतो, आणि त्यावरून दारिद्र्याच्या मोजणीविषयी तज्ज्ञांत दीर्घकाळ वाद चालू आहे.

डॅन्व्हर्स यांच्याशी वाद

१८७९-८० च्या सुमारास इंडिया ऑफिसातील अधिकारी डॅन्व्हर्स यांनी दादाभाईंच्या आकड्यांवर आक्षेप घेतले. रेल्वेची मिळकत, व्यापाराचा नफा, पगारदारांची प्राप्ती हे सारे उत्पन्नात का धरले नाही, असा त्यांचा प्रश्न होता. दादाभाईंचे उत्तर असे की रेल्वे धान्य एका ठिकाणाहून दुसरीकडे नेते, नवा दाणा पिकवत नाही. वाहतुकीचे भाडे किंवा नोकराचा पगार हा आधीच मोजलेल्या उत्पन्नातूनच दिला जातो, म्हणून तो पुन्हा मोजणे म्हणजे एकच रुपया दोनदा मोजणे.

या वादात दोन्ही बाजूंना काही अंश सत्य आहे. दुहेरी मोजणी टाळण्याचा दादाभाईंचा आग्रह योग्यच होता. आज मूल्यवर्धनाची संकल्पना तेच काम करते. पण सेवा मुळीच उत्पादक नाहीत ही भूमिका आता मान्य होत नाही. नागपूरचा गहू मुंबईत आणला तर त्याची किंमत वाढते, आणि ती वाढ हे वाहतुकीचे मूल्यवर्धन होय. शिक्षकाचे शिकवणे किंवा वैद्याचे उपचार यांनाही राष्ट्रीय उत्पन्नात स्थान आहे. त्या दृष्टीने दादाभाईंचा अंदाज कमी भरतो. मात्र त्यांचा मूळ प्रश्न अन्नाचा होता आणि डॅन्व्हर्स यांनी सुचवलेल्या भरीने अन्न वाढत नव्हते, हेही तितकेच खरे.

सरकारी खर्च आणि निःसारण

राष्ट्रीय लेख्यांत शासकीय उपभोग मोजण्याची एक अडचण आहे. पोलीस, न्यायालये, सैन्य किंवा सरकारी शाळा यांची सेवा बाजारात विकली जात नाही, त्यामुळे तिला भाव नसतो. म्हणून तिची किंमत तिच्यावर झालेल्या खर्चाइतकी धरतात. नोकरांचे पगार, विकत घेतलेल्या वस्तू व सेवा आणि मालमत्तेची झीज यांची बेरीज करून फी वगैरेंची वसुली वजा केली की शासकीय उपभोग खर्च मिळतो. व्याजातून सरकारला त्या वर्षी कोणतीही नवी सेवा मिळत नसल्याने ते यात येत नाही. अशा मोजणीत अधिकाऱ्याचा पगार दुप्पट केला की कागदावर सरकारी सेवाही वाढलेली दिसते, मग जनतेला तिचा लाभ काडीइतका वाढलेला नसला तरी.

दादाभाईंनी बोट ठेवले ते याच जागी. सरकारचा खर्च किती यापेक्षा तो कोणाच्या हाती जातो आणि पुढे कोठे खर्च होतो, हा त्यांचा प्रश्न होता. दिवाणी व लष्करी खात्यांतील वरच्या जागा युरोपियनांकडे होत्या. त्यांच्या पगारातील शिलकी इंग्लंडला जात. निवृत्तिवेतने, कर्जावरील व्याज, इंडिया ऑफिसचा खर्च आणि सामानाची खरेदी या बाबी तर भारताच्या तिजोरीतून थेट लंडनमध्येच चुकत्या होत. याच रकमांना ‘गृहखर्च’ असे चमत्कारिक नाव होते. घर कोणाचे हे त्या नावातच स्पष्ट आहे. तोच पगार भारतीय अधिकाऱ्याला दिला असता तर तो येथील शिंपी, सुतार आणि शेतकरी यांच्याकडे फिरून आला असता, असा दादाभाईंचा युक्तिवाद होता. पैशाबरोबर राज्यकारभाराचा अनुभवही देशाबाहेर जातो, आणि हे नुकसान पैशापेक्षा मोठे आहे, असेही ते सांगत. निःसारणाचे माप काढण्यासाठी त्यांनी आयात-निर्यातीचे तक्ते वापरले. निर्यात सातत्याने आयातीपेक्षा जास्त असूनही त्या आधिक्याचा मोबदला देशात येत नाही, हे त्यांनी वर्षानुवर्षांच्या आकड्यांनी दाखवले.

राजकीय कार्य

१८७४ मध्ये ते बडोदे संस्थानाचे दिवाण होते. मल्हारराव गायकवाडांचा दरबार आणि रेसिडेंट कर्नल फेअर या दोहोंशी झगडून त्यांनी १८७५ च्या प्रारंभी ते पद सोडले. पुढे ते मुंबई महापालिकेत निवडून आले. १८८६ मध्ये हॉलबर्न मतदारसंघात त्यांचा पराभव झाला. दोन वर्षांनी पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी एका भाषणात त्यांच्या वर्णावरून अवहेलनात्मक उद्गार काढले. त्याचा परिणाम उलटा होऊन दादाभाईंचे नाव इंग्लंडभर पोहोचले. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून उदारमतवादी पक्षातर्फे ते अवघ्या पाच मतांनी निवडून आले. संसदेत त्यांनी अवेस्तावर हात ठेवून शपथ घेतली.

१८९३ मध्ये सनदी सेवेच्या परीक्षा इंग्लंड व भारत येथे एकाच वेळी घ्याव्यात असा ठराव कनिष्ठ सभागृहाने संमत केला. तो त्यांच्या खटपटीचे फळ होता, परंतु सरकारने त्याची अंमलबजावणी केली नाही. त्याच वर्षी त्यांचे एकुलते एक पुत्र अर्देशर यांचे निधन झाले. १८९५ च्या निवडणुकीत ते हरले. मात्र भारतीय खर्चाची चौकशी करण्यासाठी त्याच वर्षी नेमलेल्या वेल्बी आयोगाचे ते सदस्य झाले. अशा राजकीय आयोगावर नेमलेले ते पहिलेच भारतीय. १८९७ मध्ये या आयोगापुढे गोपाळ कृष्ण गोखले आणि दिनशा वाच्छा यांनी दिलेल्या साक्षी प्रसिद्ध आहेत. दादाभाईंनी वेडरबर्न व केन यांच्यासह १९०० मध्ये वेगळा अल्पमताचा अहवाल दिला.

त्यांचे प्रमुख लेख व पत्रव्यवहार १९०१ मध्ये ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ या ग्रंथात एकत्र आले. ग्रंथ आकड्यांनी भरलेला आणि वाचावयास काहीसा रुक्ष आहे, पुनरुक्तीही भरपूर आहे; पण पुढील दोन पिढ्यांच्या वक्त्यांना व संपादकांना त्याने दारूगोळा पुरवला.

राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद त्यांनी १८८६, १८९३ आणि १९०६ मध्ये भूषवले. १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनात मवाळ व जहाल यांच्यातील फूट टाळण्यासाठी दोघांनाही मान्य होईल असे नाव हवे होते, आणि तसे एकच होते. एक्याऐंशी वर्षांच्या दादाभाईंनी तेथे स्वराज्य हे सभेचे ध्येय म्हणून मांडले. त्यानंतर ते मुंबईजवळ वर्सोवा येथे राहत असत. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

नंतरचे अंदाज

दादाभाईंच्या आकड्याला सरकारला प्रत्युत्तर द्यावे लागले, ही त्यांच्या कार्याची मोठी फलश्रुती होय. १८८२ मध्ये एव्हलिन बेअरिंग व डेव्हिड बार्बर यांनी माणशी २७ रुपये हा अंदाज काढला. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी ३० रुपये सांगितले, तर विल्यम डिग्बी यांनी त्याच सुमारास १८ रुपयांच्या आसपासचा आकडा पुढे केला. या सर्वांच्या रीती व वर्षे निराळी असल्याने त्यांची थेट तुलना करता येत नाही. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९३१-३२ साठी केलेला अंदाज हा अधिक शास्त्रशुद्ध मानला जातो. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमण्यात आली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि राव हे तिचे सदस्य होते. समितीचा अंतिम अहवाल १९५४ मध्ये आला.

मुंबईत फोर्ट भागातील मुख्य रस्त्याला दादाभाईंचे नाव आहे आणि फ्लोरा फाउंटनजवळ त्यांचा पुतळा आहे.